सतरा नंबरची जागा

१

सतरा नंबरची जागा गेली, ही बातमी हॅम्रे गावात मयतासारखी पसरली. आधी लोक कुजबुजले, मग दारिद्र्य आल्यासारखे चेहरे करून, हातात केक घेऊन, लॉर्न डिकच्या दारात सांत्वनाला गेले. केकपेक्षा डोळे जास्त आत डोकावत होते. सांत्वनाला जाणाऱ्या माणसांत निम्मी चौकशीला जातात, हे कुठल्याही गावाला लागू आहे.

हसू नका. हेरॉन लेकला जो कधी जुलैत राहिलाय त्याला कळेल. मैलोन्‌मैल कॅनडाचा सपाट गवताळ मुलूख, आणि मध्येच स्प्रूसचं दाट रान, रानाच्या कुशीत तळं. त्या काठावर तंबूच्या ऐंशी जागा आहेत. त्यांतली सतरा नंबरची जागा तळ्यात जिभेसारखी शिरलेली. तीन बाजूंना पाणी, पाठीला झाडं, आणि वारा असा की डास टिकत नाहीत. बावीस वर्षं हॅम्रेची तीन घरं जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तिथं जात होती. पंधरात हॅलिना प्रोकोपिव, सोळात वॉल्टर आणि व्हर्ना टॉलेफसन हे नवराबायको, सतरात डिक. शेकोटी सतरात पेटायची. लॉर्नची बायको इन्ग्रिड त्या शेकोटीजवळ बसून सगळ्या तळ्याची मालकीण असल्यासारखी कॉफी वाटायची.

इन्ग्रिड जाऊन आता पाच वर्षं झाली.

जागेची नोंदणी एप्रिलच्या एका सोमवारी सकाळी सातला उघडते आणि सव्वासातला संपते. अख्खा सस्कॅचवान प्रांत त्या पंधरा मिनिटांसाठी दात घासून बसलेला असतो. हॅम्रेची तिन्ही घरं कर्लिंग क्लबात, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या खेळाच्या क्लबात, जमायची, कारण गावात धड इंटरनेट तिथंच. यंदाही जमली. तिन्ही जागा मिळाल्या. तिन्हींचे नोंदणी क्रमांक एका कागदावर लिहून प्रत्येक घराला एकेक प्रत दिली गेली. एकाचा कॉम्प्युटर मेला तर दुसऱ्यानं सांभाळावं, ही जुनी पद्धत. आणि त्याच आठवड्यात, गुरुवारी, कुणीतरी सतराची नोंदणी रद्द केली. क्रमांक आणि आडनाव एवढं पुरतं त्याला. दोन मिनिटांत रेजायनाच्या कुणा अनोळखी माणसानं ती जागा उचलली.

लॉर्न इमेल फक्त रविवारी सकाळी उघडतो; दुपारपर्यंत गावभर झालं. रविवारी संध्याकाळी तो छापलेला कागद घेऊन हॅलिनाच्या दारात उभा राहिला.

"गुरुवार, संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटं," त्यानं वाचून दाखवलं. "मी तेव्हा चर्चमध्ये गाण्याच्या तालमीला होतो. कागदाच्या प्रती तीन. एक तुझ्याकडे, एक व्हर्नाकडे, एक आमच्या फ्रिजवर."

"मग तुझा संशय कुणावर?"

लॉर्न बुटांकडे बघत राहिला. "गाव म्हणतंय, नव्या बायकोला पहिलीची जागा डोळ्यांत खुपली. सेलेस्त म्हणालीही होती मागं, की तिथं गेलं की आपण पाहुणे आहोत असं वाटेल." त्यानं मान वर केली. "हॅलिना, तूच शोध. अठ्ठावीस वर्षं तू या गावाचं टपाल वाटलंस. कोण खरं बोलतं ते तुला पाकीट न फोडता कळतं. तू म्हणशील ते मी मानीन."

"आणि तीच निघाली तर?"

"तर शनिवारी मी तिला तिच्या विनिपेगला सोडून येईन. इन्ग्रिडची जागा मुद्दाम घालवणारी बाई मला घरात नको."

हॅलिनानं कागद घेतला. तो गेल्यावर तिनं दाराला पाठ टेकली. आपल्याला काय वाटतंय ते तिला लगेच कळलं, आणि तिची तिलाच किळस आली.

तिला आनंद झाला होता.

२

यात लपवण्यासारखं काही नव्हतं. गावाला ठाऊकच होतं. इन्ग्रिड गेल्यावर तीन हिवाळे लॉर्ननं हॅलिनाच्या पायऱ्यांवरचा बर्फ काढला होता. तीन हिवाळे हॅलिनानं त्याला बीटच्या बोर्श्ट सुपाचे डबे पाठवले होते. गावानं तर मनातल्या मनात दोघांचं लग्नही लावून टाकलं होतं. आणि मग लॉर्न डोळ्याच्या ऑपरेशनला विनिपेगला गेला, आणि डोळे मिटून बायको घेऊन आला. साठीची फ्रेंच विधवा. नीटनेटकी, हसरी, गळ्यात रेशमी रुमाल. हॅलिनाच्या पायऱ्यांवरचा बर्फ त्यानंतर हॅलिनाच काढत होती.

सोमवारी ती टॉलेफसनांकडे गेली. वॉल्टर स्वयंपाकघराच्या टेबलावर मासे पकडायचा गळ दुरुस्त करत बसला होता. हिवाळाभर क्लबातला बर्फ तोच तयार करतो, त्यामुळे एप्रिलमध्ये तो बेकार आणि बडबडा.

"या, पोस्टमास्तरीणबाई! आरोपी हजर आहे. पण गुरुवारी मी हॉकी बघत होतो, साक्षीला अख्खा देश आहे."

"सात वाजता?"

"सातलाच सुरू झाला सामना. दहा मिनिटं होतात न होतात तोच पहिला गोल, आणि ऐन गोलाला चित्र थिजलं! का? तर वरच्या खोलीत आमच्या बाईसाहेब कॉम्प्युटरला अशा शिव्या घालत होत्या, की मला वाटलं पंच वरच बसलाय."

"पाककृती शोधत होते मी," व्हर्ना चुलीकडून म्हणाली. "आणि ते कधीचं कधी. तुला वेळेचं भान असतं का रे, वॉल्टर? जा, गॅरेज आवर."

वॉल्टर गेला. व्हर्नानं हात पुसले आणि ती हॅलिनाच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. तीस वर्षांची मैत्रीण. दोघींच्या गुडघ्यांचं दुखणंसुद्धा बरोबरच सुरू झालेलं.

"तुला म्हणून सांगते," तिनं आवाज खाली आणला. "मी बघितलंय तिला. गुरुवारी माझं भांडं आणायला मी क्लबात गेले. स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं, तर ती एकटी, हातात तो कागद, दुसऱ्या हातात मोबाईल. ओव्हनवरचं घड्याळ समोरच होतं. सात वाजून दहा. अगदी ठळक."

"तू काही बोलली नाहीस?"

"काय बोलू? त्या स्वयंपाकघरात मी फेब्रुवारीपासून पाऊल टाकलेलं नाही. माझी स्वयंपाकाची पाळी काढून तिला दिली, आठवतं ना? 'सेलेस्तच्या हाताला चव आहे!' आपल्या हातांना बावीस वर्षं काय गंज होता?" व्हर्नाच्या गालांवर लाल डाग उमटले. "इन्ग्रिड गेली तेव्हा मला वाटलं, आता सतरा मला मिळेल. बावीस वर्षं सोळातून सतराची पाठ बघतेय मी. दिली कुणाला? जिला वुड टिक म्हणजे काय ते माहीत नाही तिला! परवा बिचारी विचारत होती, तो पक्षी आहे का म्हणून."

दोघी हसल्या. खूप हसल्या. रानातली ती रक्तपिपासू गोचीड, आणि ही बाई तिला पक्षी समजते! त्या हसण्यात हॅलिनाला फार बरं वाटलं. जळणाऱ्याला जळणारा भेटला की ऊब दुप्पट होते.

३

मंगळवारी डिकांच्या घरी सेलेस्तनंच दार उघडलं. दिवाणखान्यात अर्धी भरलेली बॅग होती. फ्रिजवर कागदांची जत्रा होती: दिवसवार जेवण, तंबूचे खिळे मोजून, कोण कुठली लाकडं आणणार, पावसाची ताडपत्री कुठल्या झाडांना बांधायची त्याचं चित्र, बेरी पिकल्या तर त्यांच्यासाठी रिकाम्या बादल्या. एका यादीवर ठळक लिहिलं होतं, 'हॅलिनाला कांदा चालत नाही'.

ते हॅलिनानं दोनदा वाचलं. चांगल्या माणसाचा मत्सर करणं फार कष्टाचं काम असतं.

"बसा," सेलेस्त म्हणाली. "तुम्हाला न्यायाधीश नेमलंय म्हणे. एक सांगू? या गावानं मला अजून एकदाच मनापासून जवळ केलं. मार्चमध्ये, माझ्यावर हसताना."

ती गोष्ट सगळ्यांना पाठ होती. शेजारच्या मॅनिटोबात, म्हणजे सेलेस्तच्या विनिपेगकडे, मार्चमध्ये घड्याळं एक तास पुढं करतात. सस्कॅचवानमध्ये कुणी घड्याळाला हात लावत नाही. इथं सूर्यानं आपलं बघून घ्यावं. सेलेस्तनं जन्मभराच्या सवयीनं त्या रविवारी दिसेल ते घड्याळ पुढं केलं होतं, आणि तासभर आधी चर्चमध्ये जाऊन एकटीच थंडीत बसली होती.

"तुम्ही म्हणाला होता की सतरात पाहुण्यासारखं वाटेल," हॅलिना म्हणाली.

"म्हणाले होते. म्हणून तर एवढ्या याद्या केल्या. पाहुणा काम करत नाही, घरचा करतो."

"गुरुवारी सात वाजून दहा मिनिटांनी तुम्ही कुठं होता?"

सेलेस्त तिच्याकडे बघतच राहिली. "तुमच्याच दारात."

हॅलिनाची नजर फ्रिजवरच्या कांद्याच्या यादीकडे गेली.

"तूर्तिएर केली होती, खिमा भरून भाजतात ती. माझ्या आजीची. कांदा न घालता. वाटलं, इन्ग्रिडच्या मैत्रिणीशी आपण होऊन बोलावं. सातला घरातून निघाले, आठ-दहा मिनिटांची वाट. बेल वाजवली, थांबले, परत वाजवली. तुम्ही घरी नव्हता. मग भांडं दाराबाहेरच्या झोपाळ्यावर ठेवून आले. तुम्हाला मिळालं ना?" तिचा आवाज बारीक झाला. "लॉर्नला सांगितलं मी. तो म्हणाला, हॅलिना असती तर तिनं दार उघडलं असतं. ती तशी बाई नाही. तुम्ही घरी नव्हता ना?"

"नव्हते," हॅलिना म्हणाली.

आणि ती घरीच होती. पडद्यामागं.

४

त्या गुरुवारी सातच्या बातम्या संपत आल्या होत्या. टीव्हीवर हवामानाचा नकाशा आला, तेवढ्यात बेल वाजली. सवयीनं हॅलिनानं घड्याळाकडे बघितलं: सात वाजून नऊ. पडद्याच्या फटीतून रेशमी रुमाल दिसला आणि ती खुर्चीतच थिजली. दोन्ही हातांत झाकलेलं भांडं, बेल कोपरानं दाबलेली. हवामान संपलं, जाहिराती लागल्या, तरी ती बाई उभीच. शेवटी भांडं झोपाळ्यावर ठेवून, त्याच्याशी पुटपुटून, ती गेली.

दोन्ही हातांत भांडं. म्हणजे मोबाईल नाही. नऊपासून तेरा-चौदापर्यंत ती हॅलिनाच्या डोळ्यांसमोर होती. जगात एकच साक्षीदार असा होता जो सेलेस्तला सोडवू शकत होता, आणि तो पडद्यामागं लपलेला होता.

हॅलिनानं मंगळवार, बुधवार घरात फेऱ्या मारण्यात घालवले. बोलायची गरजच काय? खोटं सांगायचंच नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. शनिवारी लॉर्न विनिपेगला जाईल, एकटा परत येईल. पुढच्या हिवाळ्यात पायऱ्यांवर बर्फ पडेल. पुढचं चित्र तिनं मुद्दाम पाहिलं नाही, पण ते दिसत होतंच.

आणि व्हर्नानं बघितलंय की! व्हर्ना कशाला खोटं बोलेल? कदाचित आपलंच घड्याळ मागंपुढं असेल. माणसाला खोटं हवं असलं की तो आधी स्वतःच्या घड्याळावर संशय घेतो.

गुरुवारी ती क्लबात गेली. व्हर्ना खरी ठरावी म्हणून गेली, हे लिहून ठेवलं पाहिजे. मोसम संपलेला, बर्फाच्या पट्ट्या वितळून नुसतं ओलं सिमेंट उरलेलं. स्वयंपाकघराला कुलूप नव्हतं. ती व्हर्ना सांगते तशी दारात उभी राहिली. बरोबर, ओव्हनवरचे हिरवे आकडे समोरच दिसत होते. पाच वाजून वीस.

तिनं मनगटाकडे बघितलं. चार वाजून वीस.

ती जवळ गेली. घड्याळाच्या बटणाची जागा फुटलेली होती, आणि खाली पिवळ्या चिकटपट्टीवर मार्चची तारीख टाकून लिहिलेलं होतं, "मॅनिटोबाची वेळ! बटण तुटलं. एक तास वजा करा." अक्षर ओळखायला तिला क्षणही लागला नाही. अठ्ठावीस वर्षं तिनं ते पाकिटांवर वाचलं होतं.

वॉल्टर.

५

शनिवारी सकाळी क्लबाच्या वरच्या खोलीत पाच माणसं जमली. लॉर्नची गाडी बाहेर उभी होती, मागच्या सीटवर बॅग. हॅलिनानं येताना कापडात गुंडाळलेलं एक भांडं आणलं होतं. ते तिनं टेबलाच्या मधोमध ठेवलं.

"जेवणावळ आहे की खटला?" वॉल्टर म्हणाला.

"वॉल्टर, खालच्या ओव्हनचं घड्याळ कधीपासून पुढं आहे?"

"मार्चपासून. सेलेस्तची पाळी होती त्या रविवारी. तिनं पुढं केलं, मी मागं करायला गेलो तर बटण हातात आलं. स्वयंपाकघरातले आम्ही किती हसलो! घरी मात्र त्या स्वयंपाकघराचं नाव काढायची सोय नव्हती. चिठ्ठी लावलीये की. का?"

"म्हणजे त्या गुरुवारी संध्याकाळी खरे सात-दहा झाले, तेव्हा त्या घड्याळात किती वाजले होते?"

"आठ-दहा. हे काय, पोरांचं गणित आहे का?"

"नाही," हॅलिना म्हणाली. "व्हर्नाचं आहे. तिनं त्या घड्याळात सात-दहा बघितले, आणि त्याच वेळी सेलेस्तला कागद-मोबाईल घेऊन उभी बघितली. अगदी ठळक."

व्हर्नाचा चेहरा आधी कोरा झाला. मग ती घाईनं म्हणाली, "मग मी तासभर आधी गेले असेन. सहा-दहाला. वजा करायचं राहिलं माझं."

"तर मग तू जे बघितलंस त्याचा या कागदाशी संबंध नाही. जागा सहा-दहाला गेली नाही. पण तू घड्याळाच्या समोर उभी होतीस आणि तुला ती पिवळी चिठ्ठी दिसली नाही? आणि गोचीड म्हणजे पक्षी हेसुद्धा जिथं आपण विसरू दिलं नाही, तिथं हे घड्याळाचं हसू तू मला सांगितलं नाहीस? तुला ते माहीतच नव्हतं, व्हर्ना. फेब्रुवारीपासून तू त्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलेलं नाहीस. हे तूच म्हणालीस, आणि तेवढं मात्र खरं म्हणालीस."

"घड्याळ खोटं म्हणून ती बाई खरी?" व्हर्ना उसळली. "कुठं होती ती सात-दहाला? सांग की!"

खोलीत सगळे हॅलिनाकडे बघू लागले. लॉर्नही. तो 'ती तशी बाई नाही' म्हणणारा लॉर्न.

हॅलिनानं भांड्यावरचं कापड काढलं. आत बटाटा भरून उकडलेल्या आणि लोण्यात परतलेल्या वरेनिकी होत्या. तिनं भांडं उंच धरलं आणि बूड सगळ्यांना दाखवलं. हॅम्रेत भांडी हरवू नयेत म्हणून बुडाला पट्टी चिकटवून नाव लिहितात. पट्टीवर गोलसर अक्षरात नाव होतं: सेलेस्त डिक.

"माझ्या दारात होती," हॅलिना म्हणाली. "दोन्ही हातांत हे भांडं. बेल कोपरानं वाजवली, दोनदा. सात वाजून नऊ मिनिटांनी आली, बातम्यांनंतरच्या जाहिराती लागल्या तरी उभी होती. मी घरी होते. पडद्यामागून बघत होते. दार उघडलं नाही, आणि मंगळवारी तिच्या तोंडावर खोटं बोलले."

"का?" लॉर्ननं विचारलं. पुरुष हा प्रश्न नेहमी अशा वेळी विचारतात, जेव्हा खोलीतल्या प्रत्येक बाईला उत्तर माहीत असतं.

"कारण मला ती तिथं नको होती. तुझ्या घरात, सतरात, कुठंच. आता पुढचं ऐक. मी कागद वापरला नाही, सेलेस्तनं नाही. उरली एक प्रत. वॉल्टर, तुझं चित्र कधी थिजलं म्हणालास?"

"पहिल्या गोलाला. सात वाजून..." वॉल्टरचं तोंड उघडंच राहिलं. त्यानं हळूहळू बायकोकडे मान वळवली. "व्हर्ना, तू वर पाककृती शोधत होतीस ना?"

"तुझ्या त्या हॉकीमुळेच!" व्हर्ना किंचाळली. "एका घराला एक नळी इंटरनेट, त्यातलं सगळं तू त्या थोबाडफोड मारामाऱ्या बघायला ओढलंस! रद्द केलं, लगेच माझ्या नावावर घेत होते. चाक फिरतंय, फिरतंय, फिरतंय! दोन मिनिटं! दोन मिनिटांत रेजायनाचा कोण चोर घेऊन गेला!" तिला रडू फुटलं, पण रडतानाही राग सुटेना. "मी देणार होते तुम्हाला शेकोटी. रोज दिली असती. फक्त एकदा माझ्या जागेत सगळ्यांनी यावं, मी कॉफी वाटावी..."

वॉल्टरनं टोपी काढली आणि परत घातली. मग उठून बायकोच्या खुर्चीमागं उभा राहिला, तिच्या खांद्याला हात न लावता, पण जवळ.

लॉर्न सेलेस्तसमोर जाऊन उभा राहिला. "मी..." एवढंच त्याला जमलं.

"बॅग तू भरलीस, तूच उतरव," सेलेस्त म्हणाली. "आणि नीट घड्या घालून."

तो खाली गेला. तिकडे न बघता हॅलिना सेलेस्तला म्हणाली, "सतरा तर गेली. पंधरात दोन तंबू बसतात, नियमात बसतं. दलदलीच्या अंगाला डास फार. ते अंग माझं."

सेलेस्तनं भांडं आपल्याकडे ओढलं, एक वरेनिकी बोटांनी उचलली, खाल्ली. बराच वेळ चावत राहिली. या बाईला माफ करायचं की नाही ते ती चवीवर ठरवतेय, असं हॅलिनाला वाटलं.

"माझी तूर्तिएर फेकलीस?" सेलेस्तनं विचारलं. पहिल्यांदाच एकेरीत.

"नाही."

"खाल्लीस?"

"सगळी. पहिली निम्मी तर दाराशीच, उभ्यानं."

"कशी होती?"

हॅलिनानं खिडकीबाहेर बघितलं. लॉर्न बॅग उतरवत होता.

"फार चांगली होती," ती म्हणाली. "त्याचाच तर राग आला."